राजदंड कोठे वाकतो

न्यायालयाने दोषी ठरवलेला नेता पुन्हा निवडून आला की मतदाराला नीतीची चाड उरलेली नाही, असा निष्कर्ष सुशिक्षित वर्तुळात तत्काळ काढला जातो. परंतु मतदार आणि न्यायालय एकाच गोष्टीचा निवाडा करीत असतात, हे त्यामागचे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. न्यायालय कृत्य पाहते, म्हणजे कोणत्या कलमाचा भंग झाला आणि त्याला पुरावा काय, याच्या बाहेर ते जात नाही; मतदार मात्र सत्ताधाऱ्याने आपल्याशी कोणते नाते ठेवले, ते तोलतो. हा फरक आणि त्यातून उरणारी पोकळी, दोन्ही तमिळनाडूतील कावेरीकाठच्या कुंभकोणम या एकाच गावात पाहता येतात.

तमिळ राज्यविचारात या नात्यासाठी एक जुनी प्रतिमा आहे. ‘सेंगोल’ म्हणजे सरळ राजदंड, अर्थात न्यायाने चाललेले राज्य, आणि ‘कोडुंगोल’ म्हणजे वाकडा राजदंड, अर्थात प्रजेला जाचणारे राज्य. ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथात या दोन अवस्थांना लागोपाठची दोन प्रकरणे (५५ व ५६) दिलेली आहेत. या प्रतिमेत खजिन्यात काय साठले यापेक्षा दंडाचा भार रयतेच्या पाठीवर कसा पडला, याला अधिक महत्त्व येते. तिच्या जोडीला ‘वळ्ळल’, म्हणजे सढळ हाताचा दाता, ही कल्पना आहे; पूर्वीचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांना लावली जाणारी ही उपाधी निव्वळ स्तुतीची नव्हती, राज्यकर्त्याकडून काय अपेक्षावे, याचे ते मापच होते.

गुरू सिंह राशीत असताना नाशिकला जसा सिंहस्थ भरतो, तसा त्याच योगावर, बारा वर्षांनी, कुंभकोणमला महामहम नावाचा स्नानोत्सव भरतो. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी, काठावर सोळा मंडप असलेल्या त्या तलावावर लाखो लोक दाटलेले असताना, आदल्याच वर्षी मुख्यमंत्री झालेल्या जयललिता आणि त्यांच्या मैत्रीण शशिकला यांनी राखीव जागेत स्नान केले, एकमेकींच्या डोक्यावर पाणी ओतले; त्याच सुमारास झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे पन्नास माणसे मेली. पुढे १९९५ मध्ये जयललितांच्या मानसपुत्राच्या विवाहाचा थाटमाट साऱ्या राज्याने पाहिला आणि १९९६ मध्ये त्यांच्या पक्षाला अवघ्या ४ जागा मिळाल्या, खुद्द त्या बरगूरमधून पराभूत झाल्या. भ्रष्टाचाराचे आरोप तेव्हाही होतेच. पण आकडे कोणाच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत, गर्दीपासून वेगळे राखलेले पाणी उभे राहते. वाकलेला राजदंड लोकांना दिसला तो तेथे.

तोच मतदार २००१ मध्ये, जमीनखरेदीच्या खटल्यात शिक्षा झाल्याने त्यांचा उमेदवारी अर्जही फेटाळला गेला असताना, त्यांच्या पक्षाला १३२ जागा देतो; त्यानंतर झालेली त्यांची मुख्यमंत्रिपदावरची नेमणूक सर्वोच्च न्यायालय सप्टेंबरात रद्द करते; आणि बेहिशेबी संपत्तीच्या खटल्यातील २०१४ च्या शिक्षेने पद गमावलेल्या, २०१५ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष ठरलेल्या त्याच नेत्या २०१६ मध्ये सत्ता राखतात. मधल्या काळात ‘अम्मा उणवगम’ या सरकारी खानावळींत एक रुपयाला इडली मिळू लागली होती. याला विसराळूपणा म्हणणे सोपे आहे. परतफेड मोजून घेतली, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. अर्थात हे माप निसरडे आहे. दातृत्व हीच कसोटी मानली की योजनेतून पाकिटाकडे जायला फारसे अंतर उरत नाही, आणि कुंभकोणम ज्या जिल्ह्यात येते त्या तंजावरच्या शहर मतदारसंघातील निवडणूक पैसेवाटपामुळे निवडणूक आयोगाला मे २०१६ मध्ये रद्दच करावी लागली. (कुंभकोणमने १९९६ पासून २०२१ पर्यंत दर वेळी जयललितांच्या प्रतिस्पर्धी द्रमुक पक्षाचाच आमदार निवडला, हा तलावावरच्या मृत्यूंचा सूड मानण्याचा मोह आवरलेला बरा, कावेरीच्या खोऱ्यात त्या पक्षाची मुळे १९९२ पेक्षा जुनी आहेत.)

या निवाड्यातील खरा दोष मात्र पैशाचा नाही. नात्याची कसोटी लावायला समोर चेहरा लागतो, आणि हयगयीला चेहरा नसतो. १६ जुलै २००४ रोजी याच गावातील एका शाळेत स्वयंपाकघराच्या शाकारलेल्या छपराने पेट घेतला, आग वर्गांवरच्या छपरापर्यंत पोचली आणि अरुंद जिन्यापलीकडे अडकलेली ९४ मुले गेली. तलावाकाठी जितकी माणसे दगावली, त्याच्या जवळजवळ दुप्पट हा आकडा, मुख्यमंत्री त्याच. तरीही २००६ ची निवडणूक राज्यात गाजली ती दोन रुपये किलोच्या तांदळाने आणि फुकटच्या रंगीत दूरचित्रवाणी संचाने. नाशिकच्या सिंहस्थातही २७ ऑगस्ट २००३ रोजी भाविक चेंगरून मेले, पण त्या वेळी पाण्यात कोणी मुख्यमंत्री उतरलेले नव्हते, आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रात तेच सत्ताधारी परतले. जेथे पुढारी स्वतः हजर असतो तेथे मतदाराची स्मृती तीक्ष्ण असते. जेथे तपासणीच्या कागदावर केवळ एक शेरा मारायचा राहून गेलेला असतो, तेथे ती बोथट होते.

कागदावरची हयगय पकडायला वह्या पाहणारा लागतो. याच कुंभकोणमात १८२८ मध्ये एका मराठी कुटुंबात जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांना कोणी मत दिले नव्हते. त्रावणकोरवरचे कर्ज त्यांनी फेडले, ते वह्या उघडून पाहणारा एक धनी आणि त्याच्यामागे ब्रिटिश रेसिडेंट उभा असताना. लोकशाहीने धनी बदलला, वह्या मात्र कचेरीतच राहिल्या. शाळेच्या आगीबद्दल तंजावरच्या न्यायालयाने २०१४ मध्ये १० जणांना दोषी ठरवले. त्यांत संस्थापक होते, शिक्षण खात्यातले अधिकारी होते, स्वयंपाकाशी संबंधित कर्मचारी होते. मतपत्रिकेवर ज्याचे नाव कधी छापले गेले होते, असा त्यांत कोणीही नव्हता.