भिंतीवरून डोकावणारी नजर

सूरह अल-हुजुरातमध्ये अल्लाहने संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा या तिन्हींना एकाच आयतीत मनाई केली आहे. हा क्रम ध्यानात घ्या. आधी मन कलुषित होते, मग डोळा शोध घेऊ लागतो आणि अखेरीस जीभ सुटते.

२०१० साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात स्पार्कब्रुक व वॉशवुड हीथ या मुस्लिमबहुल वस्त्यांसाठी पोलिसांनी २१८ कॅमेऱ्यांची योजना राबवायला घेतली. त्यांतील ७२ गुप्त होते. गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी ते आहेत, असे रहिवाशांना सांगण्यात आले. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतून आला होता. हे उघड होताच लोकांनी निषेध केला. कॅमेऱ्यांवर पिशव्या चढल्या, पोलीसप्रमुखांनी माफी मागितली, २०११ मध्ये कॅमेरे काढले गेले.

आता हजरत उमर (रजि.) यांची रिवायत आठवा. मदीनेत रात्री गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले, तर तेथे मद्य होते. त्यांनी घरमालकाला खडसावले. तो म्हणाला, मी अल्लाहची एक अवज्ञा केली. आपण तीन केल्या. हेरगिरी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि परवानगी व सलामावाचून आत शिरलात. अमीरुल मोमिनीन यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला नाही की साक्षीदार गोळा केले नाहीत. सुधारण्याचे वचन घेऊन त्यांनी त्याला माफ केले आणि ते निघून गेले.

कोणी म्हणेल, रस्ता म्हणजे घर नव्हे. खरे आहे. चोर, अपघात करून पळणारा यांना पकडण्यास कॅमेरा उपयोगी पडतो, आणि त्याला विरोध करणे शहाणपणाचे नाही. हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांचे म्हणणे असे की आम्हाला हेरगिरीची मनाई आहे, पण जे उघड समोर आले त्याबद्दल आम्ही जाब विचारू. प्रश्न आहे तो गुन्हा नसताना अख्ख्या मोहल्ल्याची नोंद ठेवण्याचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे.

परंतु केवळ पोलिसांकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. आपल्या इमारतीच्या कॅमेऱ्यात कुणाची मुलगी उशिरा परतताना दिसली, ती चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी फिरवली? किरामन कातिबीन सर्व काही लिहितात, पण शेजाऱ्याला दाखवत नाहीत. आज मगरिबनंतर घरी परतताना जरा मान वर करून पाहा, आपल्या दारावरील कॅमेऱ्याचे तोंड कुणाच्या खिडकीकडे वळले आहे.