कमी कष्ट, पण कोणाचे?

कष्ट म्हणजे पुण्य आणि सोय म्हणजे आळस, हे समीकरण आपण लहानपणापासून गिरवीत आलो आहोत. त्यामुळे ‘कमी श्रमांत तण कसे काढावे?’ हा बागकामाचा साधा प्रश्नही नकळत नीतीच्या प्रांतात शिरतो.

दोंडाईचा परिसरातील एखादे पडीक परस डोळ्यांपुढे आणावे. पाऊस ओसरता ओसरता तेथे गाजरगवत कमरेएवढे माजते; त्याच्या पायाशी हरळी आणि लव्हाळा ठाण मांडून असतात. १९५५च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले हे गाजरगवत आज देशभर पसरले आहे. त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, परागकणांनी दमही लागतो.

अशा जागी पहिला विचार कुदळीचा येतो. परंतु खोल खणल्याने मातीत निजलेले बी वर येऊन रुजते, हरळीचे तुकडे होऊन पेरापेरांतून ती पुन्हा फुटते आणि लव्हाळ्याची उरलेली गाठ नवा कोंब धरते. घाम आपला, लाभ तणाचा!

शहाणपणाचा मार्ग निराळा आहे. गाजरगवत फुलण्यापूर्वी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर पसरावा. उजेड न मिळाल्याने पुष्कळसे बी रुजतच नाही. खानदेशातला उन्हाळाही कामाला लावता येतो. एप्रिल-मे महिन्यांत जमीन भिजवून तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणावे, कडा मातीने बुजवाव्यात आणि चार ते सहा आठवडे वाट पाहावी. वरच्या थरातील पुष्कळ वार्षिक तणांचे बी त्या तापाने मरते. हरळी व लव्हाळा मात्र इतक्याने हार मानीत नाहीत. त्यांच्यासाठी वाफा वाफा करून, धीराने, पुनःपुन्हा फिरावे लागते.

मग हा आळस म्हणावा काय? नाही. येथे श्रमाची जागा निरीक्षणाने आणि वाट पाहण्याने घेतली आहे. एका दिवसात सारे साफ करण्याची घाई पुष्कळदा उद्योगीपणाचा वेष घेते. तिच्या मुळाशी असतो तो उतावीळपणा.

तथापि खरा प्रश्न पुढेच आहे. आपल्याकडे निंदणी हे बहुधा स्त्रियांचे काम. दिवसभर उन्हात वाकून, खुरपी चालवून त्या रोजंदारी मिळवितात. फुललेले गाजरगवत त्यांच्या उघड्या हातांवर सोपवून आपण म्हणतो, ‘काम सहज झाले.’ ते कोणासाठी सहज झाले? तणनाशक फवारणाऱ्याच्या नाकातोंडाला साधे फडकेही नसेल, तर आपले कष्ट वाचले नाहीत. ते केवळ दुसऱ्याच्या देहावर ढकलले गेले. युक्तीने कष्ट खरोखर कमी होतात. सत्तेने ते फक्त खांदा बदलतात.

गव्हातील निदणाच्या दाखल्यात उतावीळ चाकरांना धनी थांबवितो, कारण उपटण्याच्या भरात गहूही जाईल. त्याचे थांबणे हे दुर्लक्ष नव्हे. जे राखायचे आहे त्याचे भान त्याला आहे. आपल्या परसात राखण्याजोगे काय आहे? रोपे आहेत, माती आहे; आणि सर्वांत आधी, ते परस साफ करणाऱ्या माणसाचे हात आहेत. ज्या युक्तीने तेही हात वाचतील, ती निःसंकोच स्वीकारावी. आणि मजुरीला बाई बोलवायचीच असेल, तर तण फुलण्याआधी बोलवावी, हातमोजे आपण द्यावेत आणि काम लवकर आटोपले म्हणून तिचा रोज कापू नये.