दैवाला बोल लावायचा हक्क कोणाचा?

मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोडच्या आसपास गर्दीच्या लोकलच्या दारातून माणूस पडून गेला, तर सांत्वनाला आलेले लोक 'वेळ भरली होती' असे म्हणून उठतात. रेल्वे कायद्याच्या कलम 124-अची भाषा निराळी आहे. 1994 पासून लागू असलेले हे कलम सांगते, की प्रवासी अपघाताने गाडीतून पडला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायचीच. मृत्यूसाठी ती 2017 पासून 8 लाख रुपये आहे. आत्महत्या, जाणूनबुजून करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा वा वेडाचा भर आणि आजार यांसारखे मोजके अपवाद आहेत. दारात उभे राहणे हा निष्काळजीपणा असला तरी गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले. चूक सिद्ध झालेली नसताना देणे मात्र लागू होते, हे अनेकांना अन्याय्य वाटते. मला त्यात आपल्याच कर्मविचाराचा नीट लावलेला अर्थ दिसतो.

परंपरा सांगते, की 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर गाडले गेले. त्यांत संत चोखामेळा होते. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी ओळखल्या त्या विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून, आणि पंढरपूरला महाद्वाराशी समाधी बांधली. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो आणि ती तशी आहेच. पण भिंत कोणाच्या हुकमाने उभी राहत होती, त्यांची पत्नी सोयराबाई हिच्या चुलीचे पुढे काय झाले, बाकीचे मजूर कोण, हे कथेत येत नाही. मृताला संतपद मिळाले आणि काम करवून घेणारा हिशेबातून सुटला. तसे होऊ द्यावे असे कर्मसिद्धान्ताने कुठे सांगितले आहे?

साठलेले संचित, भोगाला आलेले प्रारब्ध आणि आता घडत असलेले क्रियमाण ही कर्माची वाटणी मराठी माणसाच्या कानावरची आहे. (टिळकांना ती जशीच्या तशी मान्य नव्हती, पण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य हे दोन्ही विषय 'गीतारहस्या'त त्यांनी एकाच प्रकरणात हाताळले, हे विसरू नये.) पडणाऱ्याच्या बाजूने जे प्रारब्ध म्हणायचे, ते गाड्या चालवणाऱ्या रेल्वेच्या बाजूने पाहिले तर क्रियमाण ठरते. डबे किती, दोन गाड्यांमधले अंतर किती, दारे उघडी की बंद, हे आज घेतलेले निर्णय आहेत. त्यामुळे 'नशिबात होते' हे वाक्य विधवेने म्हटले तर तो तिचा धीर. तेच रेल्वेने म्हटले तर ती पळवाट. संस्थेला कुठले आले कर्म, असे कोणी विचारील. तिला पुनर्जन्म नाही हे खरेच, म्हणून तर तिचे खाते इथेच चुकते व्हायला हवे.

दैववाद ही काही आपलीच मक्तेदारी नाही. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज न्यायाधीश म्हणत, की मजुराने पगार घेतला तेव्हाच धोकाही पत्करला. मुंबईच्या दारूखाना भागात जहाज तोडताना गॅस कटरने कापलेला पत्रा अंगावर आला, तर त्या न्यायाने दोष मजुराच्याच पदरात पडला असता. भारतात 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने हा युक्तिवाद मोडीत काढला: कामामुळे आणि कामावर असताना अपघात झाला, तर मालक देणे लागतो.

फुकट भरपाई मिळाली की लोक बेफिकीर होतील, हा आक्षेप मला पोकळ वाटतो. 8 लाखांसाठी कोणी दारात लटकत नाही. शिवाय पैसे सहज हाती पडतात हेही खरे नाही. पंचनाम्यात खिशातल्या वस्तूंची यादी असते: रुमाल, चाव्या, फुटलेला मोबाइल. पास त्या मोबाइलमध्येच असला तर 'तिकीट सापडले नाही' एवढे रेल्वेच्या वकिलाला पुरते. केवळ तिकीट न सापडल्याने दावा बुडत नाही, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. स्टेशन मास्तरच्या मेमोत 'गाडीतून पडला' आहे की 'रूळ ओलांडताना', यावर पुढची कित्येक वर्षे ठरतात.

गंभीर आक्षेप डॉक्टरांचा आहे. हाच न्याय त्यांना लावला तर प्रत्येक मृत्यूची भरपाई मागता येईल. इथे फरक करावाच लागतो. रेल्वे आणि मालक धोका निर्माण करतात. डॉक्टरकडे रोगी येतो तो धोका घेऊनच. म्हणून तिथे चूक दाखवावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी खटल्यासाठी तर घोर निष्काळजीपणाची अट घातली. पण डॉक्टरलाही दैवाची ढाल आयती मिळत नाही. 1953 मध्ये कोकणातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर मांडी मोडलेला एक तरुण पुण्यात उपचारांदरम्यान दगावला. चरबीची गुठळी अडकली, असा डॉक्टरांचा बचाव होता. म्हणजे शरीराने दगा दिला, त्याला कोण काय करणार. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवल्याने धक्का बसला, असे न्यायालयांनी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. भरपाई 3000 रुपये.

या विचाराची कसोटी लागते ती रुळांच्या कडेला. रे रोडला रुळांलगतच्या झोपड्यांतून पलीकडे जाताना गाडीखाली आलेला माणूस 'प्रवासी' नाही, म्हणून 124-अ त्याच्यासाठी नाही. तो नियम मोडतो, हे मान्य. पण दारात लटकणाऱ्याचा निष्काळजीपणा कायदा पोटात घालतो, तर भिंत आणि पूल वेळेवर न बांधणाऱ्यांचे क्रियमाण इथे मोजायचे की नाही, याचे उत्तर संसदेने अजून दिलेले नाही.