परत आलेल्याला ओळखायचं कुणी?

हिवरे बाजारच्या शिवारात एका बांधावर आम्ही बसलो होतो. समोर कांद्याचे वाफे, पलीकडे डोंगराच्या अंगाला खोदलेले समतल चर आणि त्यांच्या ओलीवर वाढलेली झाडी. लांबच्या वाटेनं एक माणूस येत होता. चेहरा सोडाच, अंगातल्या सदऱ्याचा रंगही नीट कळत नव्हता. शेजारी बसलेले तात्या म्हणाले, ‘‘मव्हा पुतण्या आला बघा.’’ कशावरून म्हणता, असं विचारलं, तर म्हणाले, ‘‘डावा पाय टाकताना खांदा पाडतो. त्याचा बापबी तसाच चालायचा.’’ थोड्या वेळानं माणूस जवळ आला. पुतण्याच होता.

आदल्याच रात्री मी ‘पाठलाग’ पुन्हा एकदा पाहिला होता, म्हणून तात्यांचं ते वाक्य मनात रुतून बसलं. १९६४ साली आलेला हा चित्रपट राजा परांजपे यांनी जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून केला. दोनच वर्षांनी राज खोसला यांनी तीच कथा हिंदीत ‘मेरा साया’ म्हणून नेली. गोष्ट वकिलाची आहे. त्याची बायको वारली आहे, त्यानं स्वतः तिला निरोप दिला आहे. आणि एक दिवस पोलिसांनी पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई त्याच्यासमोर उभी राहून म्हणते, मीच तुमची बायको. घरातल्या चार भिंतींबाहेर कधी न गेलेल्या गोष्टी ती सांगते. तरी तो मानत नाही. भावना या अभिनेत्रीनं दोन्ही बायका उभ्या केल्या आहेत आणि काशिनाथ घाणेकरांच्या चेहऱ्यावर तो नकार हळूहळू दगडासारखा घट्ट होत जातो.

कादंबरीच्या नावातलं ‘परत येते’ हे क्रियापद मला चित्रपटाच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याचं रूप घेणाऱ्या माणसाच्या आपल्याकडच्या बहुतेक गोष्टी परत येण्याच्याच गोष्टी आहेत. कुणीतरी गेलेलं असतं, कुणीतरी मागं राहिलेलं असतं, आणि दारात कुणीतरी उभं राहतं. फसवणूक होते की नाही, हे दारात उभ्या असलेल्या माणसापेक्षा दाराच्या आत उभ्या असलेल्या माणसावर ठरतं, असं मला या गोष्टी एकापुढे एक ठेवून पाहताना जाणवत गेलं.

हिवरे बाजार ज्यात आहे तो नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा नाथांचा. मढीला कानिफनाथांची समाधी आहे, गोरक्षनाथांच्या नावाचा गड नगरजवळच आहे. धुंडिसुत मालू यांनी १८१९ साली पूर्ण केलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ची पारायणं या भागात आजही घरोघर होतात. त्यात मच्छिंद्रनाथांच्या परकायाप्रवेशाची कथा आहे. त्रिविक्रम राजा मरतो, मच्छिंद्रनाथ स्वतःचं शरीर गुहेत ठेवून राजाच्या देहात शिरतात आणि बारा वर्षं राजा म्हणून राहतात. ऐकणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं, की सिंहासनावर राजा नाही, नाथ आहे. मला या कथेतली रेवती राणी विसरता येत नाही. तिला एक दिवस सत्य कळतं. ती ओरडत नाही, कुणाला न्याय मागत नाही. ती गुहेतल्या त्या मूळ शरीराचे तुकडे करवते, म्हणजे याला परत जायला जागाच उरू नये. हा आपला नवरा नाही हे पुरतं ठाऊक असलेली बाई त्याला नवरा म्हणून ठेवून घेते. लोककथेनं इतक्या वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं, की खोटं रूप कधीकधी समोरच्यालाच हवं असतं.

हेच इतिहासातही घडलं आणि ते फार मोठ्या दुःखाच्या पायावर घडलं. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या रणातून परतल्या, पण भाऊ गेले हे त्यांनी मनानं कधी स्वीकारलं नाही, कपाळाचं कुंकू पुसलं नाही. एकट्या त्याच नव्हे. मराठी मुलखात ज्या घरचं कुणी पानिपताला गेलं होतं, त्या प्रत्येक घरात ‘कदाचित’ हा शब्द शिल्लक होता. मग एक मनुष्य आला आणि म्हणाला, मी भाऊ. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण होता. त्याला पकडून कैदेत ठेवलं. पण १७७६ साली रत्नागिरीच्या किल्ल्याच्या अंमलदारानं, रामचंद्र नाईक परांजप्यांनी, त्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभं केलं. पेशवाईच्या गादीवर तेव्हा तान्हं मूल होतं, कारभार नाना फडणविसांच्या हाती होता आणि तो कारभार अनेकांच्या डोळ्यांत सलत होता. कोकणातले किल्ले धडाधड तोतयाकडे गेले, हजारोंची फौज जमली. महादजी शिंद्यांच्या फौजेनं त्याचा मोड केला, पळून जाताना तो राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि पुण्यात चौकशी होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला मारलं गेलं.

पंधरा वर्षांनी परत आलेला माणूस खरा की खोटा, हे ठरवायला पुण्यात भाऊंना जवळून पाहिलेली माणसं होती. तरी हजारो लोक त्याच्या मागं गेले. त्यांतले काही स्वार्थानं गेले असतील. पण सगळेच नाहीत. तोतया भाऊंसारखा दिसत होता, म्हणून एवढं झालं असं मला वाटत नाही. त्याच्यासाठी एक जागा पंधरा वर्षं रिकामी ठेवलेली होती, तो नुसता तिथं येऊन बसला. पार्वतीबाईंचं कुंकू हे त्या बंडाचं सर्वांत मोठं बळ होतं आणि त्या बिचारीचा त्या बंडाशी काही संबंध नव्हता. न. चिं. केळकरांनी यावरच ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. नावातच निकाल लागलेला आहे. पडदा वर जाण्याआधी प्रेक्षकाला ठाऊक असतं, की हा तोतया.

फ्रान्समधल्या मार्टिन गेरची हकिकत याच जातीची. सोळाव्या शतकात गावातून निघून गेलेला शेतकरी काही वर्षांनी परत येतो, बायको त्याला नांदवते, आणि १५६० साली तुलूझच्या कोर्टात खटला रंगात आलेला असताना खरा मार्टिन लाकडी पायावर चालत आत येतो. पण आपल्या विषयाला जास्त जवळची हकिकत बंगालमधली आहे. भावल जमीनदारीचा मधला कुमार १९०९ साली दार्जिलिंगला वारला, असं सर्वांनी धरलं होतं. बारा वर्षांनी ढाक्यात नदीकाठी बसणारा एक संन्यासी म्हणजे तोच कुमार, असं त्याची बहीण ठामपणे सांगू लागली. पत्नी विभावतीनं त्याला शेवटपर्यंत मानलं नाही. १९३० साली सुरू झालेला खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९४६ साली निकाल संन्याशाच्या बाजूनं लागला आणि तो लगेचच वारला. कोर्टानं त्याला कुमार ठरवलं, बायकोनं नाही. एकाच माणसाकडे बघून बहिणीला भाऊ दिसतो आणि बायकोला परका.

‘पाठलाग’ इथं येऊन पोचतो. लिहिणाऱ्यांच्या मनात हा खटला होता की नव्हता, हा प्रश्न बाजूला ठेवू. कल्पना मात्र एक मोठी पायरी चढलेली आहे. नाथांच्या कथेत श्रोत्याला सत्य पहिल्यापासून ठाऊक असतं. तोतयाच्या नाटकात ते नावातच सांगितलेलं असतं. गावात बहुरूपी येतो, पोलिसाचा खाकी वेष घालून ‘चला लग्नाला’ म्हणत दारोदार फिरतो, तेव्हा लहान पोरालाही कळतं की हा खरा फौजदार नाही. शिधा त्याला मिळतो तो त्या उघड सोंगाचा. ‘पाठलाग’नं पहिल्यांदा प्रेक्षकाच्या हातातला हा कंदील काढून घेतला. दोन्ही बायकांचा चेहरा एकच, कारण नटी एकच. आवाज एकच. आता प्रेक्षकालाच पंचायतीत बसावं लागतं. आपण अर्धा चित्रपट त्या बाईला लबाड समजतो आणि तसं समजताना आपल्याला आपण फार शहाणे वाटतो.

आणि मग कळतं, की ती खरं बोलत होती. मेली ती जुळी बहीण, तिच्या नावानं तिच्या घरात वावरलेली. म्हणजे तोतया कधीच येऊन गेला होता, नवऱ्याच्या मांडीवर मेला होता, आणि नवऱ्यानं त्याच्यासाठी मनापासून शोक केला होता. आता तो आरोपीच्या पिंजऱ्यातल्या खऱ्या बायकोला तोतया ठरवत होता. पानिपतानंतर दुःखानं लोकांना खोट्यावर विश्वास ठेवायला लावलं. इथं दुःखच माणसाला खऱ्यावर विश्वास ठेवू देत नाही. त्याचा शोक इतका पूर्ण झालेला आहे, इतका नीट बांधून ठेवलेला आहे, की ती जिवंत आहे हे मान्य केलं तर तो सगळा शोक चुकीच्या देहासाठी केला असं होईल. कोणत्या माणसाला हे सोसेल? मला या चित्रपटातलं खरं मानसशास्त्र इथं दिसतं. जुळ्या बहिणीची युक्ती ही फक्त दार उघडण्याची किल्ली आहे.

वकील म्हणून तो तिला प्रश्न विचारतो, ती उत्तरं देते. आपली न्यायाची पद्धत तशीच आहे. ओळख म्हणजे माहिती, आणि माहिती तपासता येते. मी एकदा नात्यातल्या एका शेताच्या खरेदीखताला ‘ओळख देणारा साक्षीदार’ म्हणून उभा राहिलो होतो. निबंधक कार्यालयात लिहून देणारा कोण आहे, हे सांगायला दोन माणसं लागतात. बनावट मालक उभा करून जमिनी लाटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या दिवशी शाईनं काळा झालेला अंगठा कागदावर टेकवताना म्हातारा माझ्याकडे बघत होता, जणू तो कोण आहे हे मी सांगितल्यावरच त्याला कळणार होतं. पुढं २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आता बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं साक्ष देतात. ते आवश्यक आहे, गरिबाच्या नावावर दुसऱ्यानं धान्य उचलू नये यासाठी तर फारच. पण ‘पाठलाग’मधल्या नवऱ्याला बुबुळांचा अहवाल दिला असता, तरी त्यानं तो मनानं स्वीकारला असता का, याची मला खात्री नाही.

तात्यांना मी चित्रपटाची गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकली आणि म्हणाले, ‘‘चार वर्सं गाव सोडलेला माणूस काय कमी बदलतोय? आमी बघितलेत की.’’ आणि मग त्यांनी आपल्या चुलतभावाची हकिकत सांगितली.

१९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव उसवत गेलं. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर, विहिरी कोरड्या, दारूच्या भट्ट्या, भांडणं. सरकारी नोकराला शिक्षा द्यायची तर हिवरे बाजारला बदली करायची, अशी तेव्हाची गत. माणसं मुंबई-पुण्याला, कारखान्यांवर, मिळेल तिथं गेली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. मग श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आली. डोंगरावर चर खोदले, बांध घातले. शेतीला बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असं ग्रामसभेत ठरलं. लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी करायची, हेही ठरलं. या शेवटच्या ठरावाकडे मी या विषयाच्या नजरेनं बघतो. जिच्या हाती हात द्यायचा तिच्यापासून काही लपलेलं राहू नये, याची जबाबदारी एका गावानं स्वतःवर घेतली. दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद गावापुढं मांडला जातो. किती पाऊस पडला, विहिरींत किती आहे, कोणती पिकं घ्यायची, हे सगळ्यांदेखत ठरतं. जमिनीखालचं पाणी कुणाला दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यानं त्याबद्दल स्वतःची समजूत घालत बोअर खोल नेले. इथं ते मोजून चारचौघांत वाचलं जातं.

पाणी टिकू लागलं तशी गेलेली माणसं परत येऊ लागली. तात्यांचा चुलतभाऊ त्यांतलाच. वीसेक वर्षांनी आला. केस पिकलेले, दात पडलेले, बोलण्यात मुंबई मुरलेली. ‘‘फाट्यावर उतरला आन्‌ चालत आला. लांबूनच म्या वळखलं,’’ तात्या म्हणाले. ‘‘पर त्याला गाव वळखंना. दोनदा माघारी फिरला. वाट चुकली म्हणला.’’

वाट चुकली नव्हती. तो ज्या उघड्याबोडक्या डोंगराची खूण मनात धरून आला होता, तो डोंगर झाडीत गेला होता. ओढ्याला पाणी होतं. ओढ्याला पाणी असलेलं हिवरे बाजार त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तात्या त्याला घरी नेऊ लागले, तर तो आधी शेतावर म्हणाला. पडीक सोडून गेलेलं त्याचं रान आजूबाजूच्या हिरव्यात त्याला सापडेना. मग गुडघ्यावर बसून गवत बाजूला करत तो बांधाच्या कडेनं सरकत गेला. त्याच्या बापानं पुरलेला हद्दीचा दगड हाताला लागला, तेव्हा तो तिथंच बसला. तात्याही त्याच्याशेजारी बसले, दिवस मावळेपर्यंत.