खंडाळ्याचे फादर आणि कंदीलपुष्प



पावसाळा लागला की रविवारची मिस्सा आटोपून आपल्यातील कितीतरी कुटुंबे कोंडेश्वरला किंवा कर्जतची गाडी पकडून पुढे घाटाकडे जातात. १९४०च्या दशकात त्याच घाटात, खंडाळ्याला, एक येशूसंघीय धर्मगुरू झाडे गोळा करीत हिंडत. ते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. मूळचे स्पेनचे, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रभू येशूने शिष्यांना रानफुलांकडे पाहायला सांगितले. आपण ते ऐकतो आणि लगेच 'चिंता करू नका' याकडे वळतो. पाहायचे राहूनच जाते. फादरांनी मात्र ते पाहणे मनावर घेतले.

सह्याद्रीतील एका दुर्मीळ कंदीलपुष्पाला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे: सेरोपेजिया सांतापावी. कंदीलपुष्पाची रचना मोठी गमतीची. बारीक माशी नळीत शिरते आणि आतले केस तिला परत फिरू देत नाहीत. पुढे ते केस कोमेजतात व माशी पराग घेऊन सुटते. म्हणजे ती माशी नसेल तर बी नाही. शिवाय कंद खाण्याजोगे, म्हणून ते उकरले जातात. या कुळातील कित्येक जाती भारताबाहेर कुठेच नाहीत.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही झाडे जमवली, वाढवली आणि रोपे मूळ डोंगरांवर परत नेण्याचे काम हाती घेतले. बागेत झाड जगवणे हे अर्धेच काम. कातळ, धुके, ती माशी हे सारे कुंडीत कुठून आणणार? म्हणूनच सहलीहून परतताना पिशवीत घातलेला कंद आपल्या गॅलरीत सहसा टिकत नाही. (तेरड्याचे सोडा, तो कुठेही उगवतो!) पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले की, नष्ट झालेल्या जाती आपल्या मुलांना कधीच दिसणार नाहीत, आणि तसे करण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुलांना वेगळे फूल दिसले तर फोटो काढू द्या, जागा व तारीख लिहून ठेवायला सांगा. कंद मातीतच राहू द्या.

फादर सांतापाव १९७० साली देवाघरी गेले. त्यांनी वाळवून कागदावर लावलेली झाडे झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आहेत. एखादे फूल जुन्या जागी अजून आहे का, हे शोधायला निघालेला अभ्यासक आधी अशाच कागदांवरचे गावाचे नाव आणि तारीख वाचतो.