पाण्याची साक्ष

सप्ताहात कधीकधी असा प्रश्न निघतो: नदी ही तीर्थ; मग तिचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत धाडणे म्हणजे आईचीच परीक्षा घेणे नव्हे काय? प्रश्न श्रद्धेतून येतो, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही.

आधी ही परीक्षा कसली ते पाहू. मासा, बेडूक, कासव, प्रत्येक जीव आपल्या कातडीचे, खवल्यांचे, विष्ठेचे कण पाण्यात टाकीत असतो. त्या कणांत त्याच्या जातीची खूण असते. तिला डीएनए म्हणतात. लिटर-दोन लिटर पाणी बारीक गाळणीतून काढायचे, गाळणीवर राहिले त्यातून ती खूण वेगळी करायची आणि ठाऊक असलेल्या खुणांशी ताडायची. एकही जीव न मारता पाण्यात कोण नांदतो ते कळते. फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकी बेडकाचा माग असाच लागला, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ताडण्याचे काम शास्त्रज्ञांचे. पाणी मात्र शिकवल्यास गावातले पोरही भरील.

वादळानंतर या परीक्षेचे काम अधिक पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मावळालाही झोडपून गेले. जुलै २०२४ च्या पुरात पवना-मुळेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. घरात पाणी किती चढले त्याची खूण आपण भिंतीवर करतो. माशाच्या घराचे काय झाले ते कोणी पाहायचे? १९४२ साली फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने पुण्याच्या माशांची यादी छापली. तिलापिया तर भारतातच १९५२ साली आणला गेला. पुरानंतर जुने कोण उरले आणि बाहेरचे कोण माजले, हे गढूळ पाण्यात डोळ्यांना काय दिसणार!

साक्ष ऐकतानाही विवेक हवाच. पूर मावळातल्या खुणा खाली आणतो. मेलेला मासाही खूण ठेवून जातो. आणि खूण सापडली नाही म्हणून जीव नाहीच, असे होत नाही. यासाठी पाणी पुन्हा पुन्हा, नाल्याच्या वर आणि खाली भरावे लागते. सोबत शुद्ध पाण्याचीही एक बाटली धाडावी लागते, भरणाऱ्याच्या हातचेच काही मिसळले की काय ते कळायला. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावर जो फेस दिसला आहे, त्यातली रसायने मात्र या परीक्षेत मोजली जात नाहीत. त्यांची तपासणी निराळी.

यात आईचा अपमान आम्हांस दिसत नाही. इंद्रायणीने तुकोबांची गाथा तेरा दिवस राखली, ही आपली श्रद्धा. पाणी लिहिलेले जपते, हे वारकऱ्याला नव्याने सांगायला नको.

खरी अडचण वेगळीच आहे. त्या बाटलीत माणसाचीही खूण निघते. पिंपळे गुरवाजवळून वाहणारी पवना दापोडीशी मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीवरून पंढरीस जाते. तिथे तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. म्हणजे टाळ घेऊन आपण निघण्याआधीच आपल्या मोरीचे पाणी वाटेला लागलेले असते. कारखान्यांना बोल लावावा, तो योग्यच आहे. पण मोरी तर आपलीच ना?

यावर कोणी म्हणतो, "लाखांत माझा एक तांब्या, त्यानं काय होतंय?" हेच गृहस्थ दिंडीत कधी म्हणत नाहीत की लाखांत माझा एक आवाज कशाला. नामाच्या गजरात आपला वाटा आहे असे मानायचे आणि गढूळपणात तो नाही म्हणायचे, हा हिशेब आम्हांस पटत नाही. कोणाचा तांब्या कोणता, हे डीएनए सांगणार नाही. नाल्याच्या वर काय होते आणि खाली काय उरले, एवढे मात्र सांगेल.

तेव्हा पिंपळे गुरवच्या भजनी मंडळींनी पावसाळ्यानंतर बाटल्या जरूर भराव्यात. अहवाल येईल तो एकादशीला देवळात मोठ्याने वाचावा, नाला आपल्याच आळीचा निघाला तरी.