दैवाचे मार्क किती?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्याची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं (म्हणजे साधनं), चेष्टा आणि शेवटी दैव. कॉलेजात संस्कृत शिकवत होते तेव्हा एखादी मुलगी हमखास विचारायची, “मॅडम, पाचांत दैवाचे मार्क किती?” प्रश्न परीक्षार्थीचा, पण नेमका. निवृत्तीनंतर त्याची उजळणी मला एक कॉम्प्युटर गेम करायला लावतो. भाच्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर घालून दिलेला. नाव ‘एफटीएल: फास्टर दॅन लाइट’.

गेम २०१२ सालचा, मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा या दोघांनी केलेला. त्यासाठी त्यांनी किकस्टार्टरवर १०,००० डॉलर मागितले आणि लोकांनी २,००,००० च्या वर दिले. एक छोटं अंतराळयान तुमच्या हाती असतं. बंडखोरांचं आरमार पाठीवर असताना आठ सेक्टर ओलांडायचे आणि शेवटी त्यांच्या मुख्य युद्धनौकेला गाठायचं. तीसुद्धा एकदा हरवून भागत नाही, तीन फेऱ्यांत लढावं लागतं. वाटेत यान फुटलं की डाव संपला. मागे जाऊन चाल बदलायची सोय नाही. ही रीत १९८० च्या ‘रोग’ नावाच्या गेमपासूनची, म्हणून या जातीला रोगलाइक म्हणतात.

एक प्रसंग सांगते. शत्रूचं क्षेपणास्त्र ढालीला न जुमानता थेट ऑक्सिजनच्या खोलीवर आदळलं आणि तिथे आग लागली. शेजारच्या खोलीत मँटिस जातीचे दोन घुसखोर उतरले. माझा सात्यकी (नाविकांना मी महाभारतातली नावं देते, भाचा हसतो) वैद्यकीय कक्षात अर्धमेला पडलेला. भाचा मागून ओरडला, “मावशी, पॉज कर आधी!” स्पेसबार दाबला की काळ थांबतो. मग बघायचं. बाहेरची दारं उघडली तर हवा निघून जाते, आग विझते, घुसखोरही गुदमरतात. पण ऑक्सिजनची यंत्रणाच बंद पडली असेल तर थोड्या वेळानं माझीही माणसं गुदमरणार. दारं उघडावीत, की आगीत माणूस पाठवावा? हे सर्वस्वी मी ठरवायचं. पुढचं क्षेपणास्त्र लागेल की हुकेल, हे मात्र यंत्र ठरवतं.

दोन तास जपलेलं यान सातव्या सेक्टरमध्ये फुटलं की जीव चडफडतो. तोंडून पहिला शब्द निघतो तो नशिबाचा. आणि जिंकल्यावर? तेव्हा दैवाचं नावही आठवत नाही, सगळी शाबासकी कर्त्याला! पाच कारणं असताना केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याला गीता सरळ दुर्मती म्हणते. उलट टोक आजीवकांच्या मक्खली गोशालाचं: सगळं नियतीचं, पुरुषप्रयत्नाला वावच नाही. बुद्धाला ते मत अजिबात मानवलं नाही. मलाही नाही, आणि त्याला कारण अगदी साधं आहे. हाच गेम सर्वांत कठीण पातळीवर डावामागून डाव जिंकणारे खेळाडू आहेत. फासे त्यांनाही तेच पडतात. मग माझ्या हरण्यात दैवाचा वाटा मला वाटतो तितका मोठा कसा असेल?

फाशांवरून आठवलं: महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची गोष्ट सांगतात. पुष्कराशी द्यूत खेळून नळ राज्य हरला, पुढे ऋतुपर्णाचा सारथी झाला. एका प्रवासात ऋतुपर्णानं बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसत्या नजरेनं मोजून दाखवली. नळानं रथ थांबवला, झाड पाडून खात्री करून घेतली आणि अश्वविद्येच्या मोबदल्यात अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, मागून घेतलं. ते मिळताच त्याच्या अंगातला कली बाहेर पडला. गोष्ट इथवर सगळ्यांना माहीत असते. शेवट मात्र लोक विसरतात. राज्य गमावून वनात बसलेल्या युधिष्ठिराला ऋषी सांत्वन करून सोडून देत नाहीत, तेच अक्षहृदय शिकवून जातात. महाभारतकारांना फासा शिकण्याजोगा वाटत होता.

एफटीएलमध्ये हे डोळ्यांना दिसतं. महाकाय कोळ्यांनी वेढलेलं एक स्थानक मदत मागतं. धावून गेलात तर तुमचाच माणूस जाण्याची भीती. पण योग्य यंत्रमानव आधीपासून यानावर असेल, तर निळ्या अक्षरांत आणखी एक पर्याय येतो आणि माणूस पणाला लावावा लागत नाही. नवख्याला तिथे दैव दिसतं, जाणत्याला करण.

आणखी एक गंमत. आपल्या पुनर्जन्माच्या कल्पनेत संचित बरोबर येतं आणि आठवण पुसली जाते. इथे बरोबर उलट! पुढच्या डावात ना भंगार (हेच इथलं चलन), ना शस्त्रं, ना सात्यकी. एखादं नवं यान खुलं झालं तर झालं. येते ती फक्त आठवण. २०२० च्या ‘हेडीस’सारख्या गेममध्ये मेल्यावरही काही पुंजी पुढे नेता येते. तो गेम देखणा आहे, पण मला ही सवलत पटत नाही. जिंकलात तर पुंजीनं जिंकलात की शहाणपणानं, हे कळायचं कसं?

तरीही पाचवं कारण उरतंच. कधी पहिल्याच सेक्टरमध्ये, काहीही न चुकता, यान जातं. तेव्हा दैवाला बोल लावायला माझी हरकत नाही. फक्त आधी उरलेली चार कारणं तपासून घ्यावीत. पाचांच्या यादीत दैव शेवटी आहे, हिशेबही मी त्याच क्रमानं करते. निष्काम राहून खेळा, असं कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका. सात्यकीच्या जिवाची फिकीर नसलेला खेळाडू दारं उघडायला उशीरच करतो.

खेळून बघणार असाल तर सोप्या पातळीवर सुरुवात करा, भंगाराची पहिली कमाई ढालीवर घाला, अंगठा स्पेसबारवर ठेवा, आणि यंत्रमानव नसेल तर कोळ्यांच्या वाटेला जाऊ नका.